पडायचं नाही

सुनेनं डब्यांची फळी वर चढवली, असा माझा संशय होता.

हिंगाचा डबा डोळे मिटून हात घातला तरी मला सापडायचा. तो एकाएकी दोन बोटं वर गेला. तिसऱ्या दिवशी मुग्धाला विचारलं, "फळी कुणी हलवली?"

"फळी सिमेंटची आहे, आई. भिंतीतच आहे."

"मग भिंत कुणी हलवली?"

त्याच सुमाराला माझे परकर लांब व्हायला लागले. निऱ्या पायात यायच्या. मी शिंप्याकडे जाऊन त्याच्याशी भांडून आले. जग वाढतंय आणि मी आहे तेवढीच आहे, अशी माझी खात्री होती. वय अडुसष्ट. चेन्नैजवळच्या तांबरमच्या एका शाळेत मुलांना हिंदी शिकवण्यात जन्म गेला. पण आपण स्वतःच आखूड होत चाललो आहोत, हे काही सुचलं नाही.

ज्यांना पोटाचं जुनं दुखणं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. हाडांचं तुमच्या लक्षात येणार नाही. ती ओरडत नाहीत, पोटासारखी चारचौघांत लाजही आणत नाहीत. आणखी एक सोय म्हणजे माझी नात मराठी वाचत नाही, तिचं सगळं तमिळ आणि इंग्रजीत चालतं. त्यामुळे तरुणपणी मी काय काय गाढवपणा केला, ते मोकळेपणानं सांगता येईल.

लग्नसराईची गोळी

एकतिसाव्या वर्षी मला शौचातून रक्त जायला लागलं. चेन्नैत कुठल्याही दुखण्याला आधी एकच नाव मिळतं, सूडु. म्हणजे अंगातली उष्णता. डोळे लाल झाले, सूडु. केस गळले, सूडु. तसं हेही सूडु. मी वर्षभर ताक प्यायले, डोक्याला एरंडेल चोपडलं आणि वर्गात "क्रिया के भेद" शिकवता शिकवता दिवसातून दहादा बाहेर पळाले. मुलांना वाटायचं, टीचर फार कडक आहेत, सारख्या मुख्याध्यापकांकडे तक्रार घेऊन जातात.

शेवटी मोठ्या आतड्याला सूज आहे, व्रण आहेत, असं निघालं. हे दुखणं जन्मभर सोबत राहणार, अधूनमधून उसळणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. उसळलं की द्यायला एक छोटी पांढरी गोळी होती. स्टेरॉइड.

आता त्या बाईची गंमत ऐका. बाई म्हणजे मीच, पण आज ती मला दुसरीच कुणी वाटते. गोळी सुरू झाल्यावर चार दिवसांत तिचं पोट शहाण्यासारखं वागायला लागलं. गाल भरले. चेहरा पौर्णिमेच्या चंद्रासारखा गोल झाला. सुजलेला होता, पण नातेवाईक म्हणाले, "अंबुजा, काय तब्येत सुधारली गं!" बाईसाहेब खूश. डॉक्टरांनी हळूहळू कमी करत गोळी बंद केली. पण पुढे कुणाचं लग्न आलं की ही जुन्या औषधाच्या दुकानात जायची, रिकामी पट्टी दाखवायची आणि नवी घेऊन यायची. मुहूर्ताच्या आठ दिवस आधी सुरू करायची, वरात गेली की बंद. आमच्या तंजावरकडच्या मराठी घराण्यांत चुलत, मावस, आते सगळे धरले तर लग्नांना तोटा नाही.

आणखी ऐका. एका उसळीत डॉक्टर म्हणाले होते, "सध्या दूध नको." तिनं त्यातला "सध्या" गाळला आणि तीस वर्षं दुधाला शिवली नाही. दही नाही, ताक नाही. आमच्या घरची डांगर पचडी, उडदाचं भाजलेलं पीठ दह्यात कालवलेली, ती सगळ्यांना वाढून स्वतः कोरडा भात खायची. आणि ऊन? चेन्नैसारख्या गावात राहून तिनं अंगाला ऊन लागू दिलं नाही. बसस्टॉपपर्यंतच्या चार पावलांना छत्री. काळी पडेन म्हणे! जशी काही तिची कुणी तसबीर काढणार होतं.

टी. नगरमधली साड्यांची दुकानं मी आजही संडासावरून ओळखते. अमक्याकडे तिसऱ्या मजल्यावर, स्वच्छ. तमक्याकडे तळघरात, पण किल्ली मागावी लागते. माल कुणाकडे चांगला, ते मला विचारू नका.

बसलेली इडली

एका सकाळी ग्राइंडरचा दगड धुवायला उचलला आणि पाठीत कट्ट झालं. आवाज मला ऐकू आला. आठ दिवस मी त्याला वायू म्हणत होते, बाम चोळत होते. नवव्या दिवशी अंथरुणातून उठता येईना, तेव्हा मुलानं, वेंकटनं, अंबत्तूरच्या कारखान्यात जायच्या आधी गाडी काढली, मला आणि मुग्धाला हॉस्पिटलच्या दारात सोडलं आणि तो कामावर गेला.

पोटाचे डॉक्टर मला बरीच वर्षं ओळखतात. त्यांनी पाठीचा फोटो काढायला लावला आणि तळमजल्यावर हाडांची घनता मोजायला पाठवलं. मी गादीच्या टेबलावर पडून राहिले, वरून एक दांडा सावकाश फिरला, संपलं. दुखलं नाही, टोचलं नाही. एवढ्या सोप्या परीक्षेला मी तीस वर्षं बसले नव्हते.

निकाल मात्र उणे आला. आकड्याच्या आधी आडवी रेघ. आयुष्यभर मुलांना भोपळे दिले, पण उणे मार्क मी कुणालाच दिले नव्हते.

डॉक्टरांनी फोटो दिव्यावर धरला. मणक्यांची रांग सरळ होती, मधला एक पुढच्या बाजूनं चेपला होता. एका अंगानं बसलेल्या इडलीसारखा. तो आधीपासूनच हळूहळू खचत होता, दगड उचलला तेव्हा पुरता बसला. उंची तिथं गेली होती. फळी निर्दोष होती, शिंपीही.

"अम्मा, स्टेरॉइड किती वर्षं घेतलीत?"

"मधून मधून."

"मधून मधून म्हणजे कधी?"

"लग्नसराईत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मुग्धा माझ्याकडे बघायला लागली. बारा वर्षांत तिनं माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं. आतड्यांची सूज हाडांनाही खाते. अशा आतड्यांच्या माणसाला खाल्लेलं नीट लागत नाही. त्यावर स्टेरॉइड, त्यावर बाईचं वय, त्यावर दूध नाही, ऊन नाही. "तुम्ही एकही गोष्ट सोडली नाहीत," ते म्हणाले. मी पहिली आले होते.

"आता शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं," असं म्हणून ते खुर्चीत पुढे सरकले, आणि त्याच क्षणी माझ्या पोटानं हाक दिली. ती हाक आली की मला देवही थांबवू शकत नाही. पाठ धरून मी बाहेर गेले. सगळ्यात महत्त्वाचं ते मुग्धाला एकटीलाच ऐकावं लागलं.

आज्ञा

परत आले तर मुग्धा फोनमध्ये काहीतरी लिहून ठेवत होती. घरी आल्यावर तिनं सगळ्यांना जमवलं. सगळे म्हणजे वेंकट आणि आमचे हे.

"डॉक्टरांनी निक्षून सांगितलंय. आईंनी पडायचं नाही."

बरोबरच होतं. ठिसूळ हाडांचं माणूस पडलं तर मोडणारच. एक मणका असा गेलाच होता, खुब्याचं हाड गेलं तर खाटेवरून उठायचं नाव नको. ह्यांचा चेहरा उतरला. हे तंजावरात वाढलेले, घाबरले की यांची जुनी मराठी वर येते. म्हणाले, "पडेल कोठें? उठली तर पडेल ना? उठूंच द्यायची नाहीं."

सुरुवातीला दुखणं एवढं होतं की मला तेच हवं होतं. पण पंधरा दिवसांनी ठणका ओसरला, खाट मात्र सुटली नाही. ती भिंतीला लावली होती. मोकळ्या बाजूला दोन खुर्च्या पाठ करून उभ्या होत्या. शेजारी बैठकीचं भांडं असलेली खुर्ची आणली गेली. सदतीस वर्षं मी पोटाशी शर्यत लावून स्वतःच्या पायांनी संडास गाठला होता. आता सून मला धरून एक पाऊल पलीकडे बसवत होती आणि तोंड दुसरीकडे फिरवून उभी राहत होती. ती तोंड फिरवते म्हणून मी तिची ऋणी होते, आणि तिला ते फिरवावं लागतं म्हणून तिच्यावर चिडलेही होते. दोन्ही एकाच वेळी.

ह्यांनी देवघरातली घंटा आणून माझ्या उशाशी ठेवली. काही लागलं की वाजवायची. शेजारच्या मामी दोनदा नैवेद्याची वेळ झाली समजून हात जोडून दारात आल्या.

आता खरं ते सांगते. एका दुपारी घरात कुणी नव्हतं. मी खुर्ची सरकवली आणि पाय खाली सोडले. फरशी गार लागली, बरं वाटलं. मांड्या थरथरायला लागल्या. मी पाय उचलून पुन्हा खाटेवर घेतले आणि खुर्ची होती तशी लावून ठेवली. लोकांना वाटतं, म्हातारी मोठी बंडखोर. कसली बंडखोर! ती आज्ञा मला आवडली होती. "डॉक्टर नको म्हणालेत" हे फार उबदार पांघरूण असतं. डॉक्टर नेमकं काय म्हणाले, असं मी एकदाही विचारलं नाही. वर्गात एखाद्या मुलानं अर्धं वाक्य ऐकून उत्तर दिलं असतं, तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

कूडादु

सहा आठवड्यांनी मला चाकांच्या खुर्चीतून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. शेवग्याच्या शेंगा झाल्या होत्या.

"अम्मा, हात न टेकता खुर्चीतून उठा."

मी जोर लावला. काही झालं नाही. पुन्हा लावला. पंखा फिरत होता, सगळे थांबले होते, आणि माझं बूड खुर्चीवरून बोटभरही हललं नाही. त्या क्षणी मी जेवढी घाबरले, तेवढी उणे मार्क ऐकूनही घाबरले नव्हते.

डॉक्टर मुग्धाकडे वळले. "मी तुम्हाला स्पष्ट सांगितलं होतं ना?"

"एकदाही नाही, सर!" मुग्धा ताठ उभी राहिली. "सहा आठवड्यांत एकदाही पडल्या नाहीत."

"मग हे पाय असे कसे?" असं म्हणून त्यांनी ते वाक्य पुन्हा एकदा, शब्द तोडून, तमिळमध्ये म्हटलं. "पडुत्ते इरुक्क कूडादु!"

मला हसू फुटलं. पाठीत कळ येत होती आणि मी हसत होते.

तमिळमध्ये पडु म्हणजे आडवं होणं, निजणं. डॉक्टर म्हणाले होते, नुसतं निजून राहायचं नाही. चालायचं. मुग्धाचं तमिळ भाजीवाली आणि रिक्षावाल्यांपुरतं. कूडादु म्हणजे करायचं नाही, हे तिला रस्त्यावरच्या पाट्यांमुळे पक्कं ठाऊक. "पडु" तर तिच्या माहेरच्या, नाशिकच्या मराठीतलाच शब्द वाटला. तिनं दोन्ही जोडले. आणि मला समजलं नाही, असं डॉक्टरांसमोर म्हणायची तिला लाज वाटली.

"तुमच्या भाषेत पडणं म्हणजे कोसळणं?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन्ही, डॉक्टर. आमच्यात माणूस दमलं तरी पडतं आणि घसरलं तरी पडतं."

त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हाडानं वजन पेललं नाही तर ते आणखी विरतं. पाय गेले तर तोल जातो. सहा आठवडे तुम्हाला जपलं, त्यानं तुम्ही पडण्याच्या जवळ आलात. आता इथून दोनच रस्ते. या खुर्चीतून उठायचं, नाहीतर हिच्यातच राहायचं."

घरी येताना रिक्षात मुग्धा रडायला लागली. "आई, मी तुमचं वाटोळं केलं."

"कान तुझे होते, खरं. पण तोंड मलाही होतं ना? मी कुठं विचारलं? रडू नको. चूक निम्मी निम्मी. त्यातला मोठा वाटा माझा, मी वयानं मोठी."

साडीखाली बूट

सेल्वी नावाची फिजिओथेरपिस्ट घरी यायला लागली. माझ्या मुलाहून लहान, आणि दयामाया नाही. खुर्चीखाली आधी दोन उशा ठेवून उठायला लावलं, मग एक, मग एकही नाही. उशी नसलेला दिवस उजाडायला चार आठवडे लागले. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. एक डोसा होईपर्यंत एका पायावर. पुढे वाकून काही उचलायचं नाही, गुडघे वाकवून खाली बसायचं. आणि तिनं मला मुद्दाम जमिनीवर झोपवून शिकवलं की पडलं तर उठायचं कसं. घाई नाही. आधी पडल्या पडल्याच सगळे सांधे तपासायचे. मग कुशीवर, मग गुडघ्यांवर, मग जवळचं काहीतरी पक्कं धरून वर.

मुग्धा सेल्वीहून कडक निघाली. सहा आठवड्यांचं व्याज ती माझ्याकडून वसूल करत होती. मी दुपारी म्हटलं, "जरा पडते," की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "कूडादु!"

आतड्यांचं औषध बदललं. स्टेरॉइड नको म्हणून दुसरं सुरू झालं. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आलं, दही परत आलं. तीस वर्षांनी पचडीचा पहिला घास घेतला, तेव्हा पोटानं काहीही तक्रार केली नाही. तीस वर्षं! मी त्या तरुण बाईला मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या आणि पुन्हा वाढून घेतली. हाडांचं औषध वर्षातून एकदा सलाइनमधून मिळतं. पहिल्या वेळी दुसऱ्या दिवशी ताप आला, अंग ठेचल्यासारखं दुखलं. असं होऊ शकतं, हे या वेळी मी आधी विचारून ठेवलं होतं, त्यामुळे घाबरले नाही. नुसती कण्हले.

भांडण झालं ते ह्यांच्याशी. मी खाली गल्लीत एकटी चालायला जाणार म्हटल्यावर ह्यांनी माझ्या चपला कपाटाच्या वर ठेवून दिल्या. माझा हात आता तिथं पोचत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"चपला द्या."

"देणार नाहीं."

"मग अनवाणी जाते."

"तुज कांहीं झालं तर मी काय करूं?" हे ओरडले. पन्नास वर्षांत हे माझ्यावर ओरडले नव्हते. मग खुर्चीवर बसले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागले. मला वाटत होतं, भीती सगळी माझीच आहे. तिचा केवढा भाग हे उचलत होते, ते मला तोवर दिसलं नव्हतं.

"तुम्ही मला खाटेवर ठेवलंत तर मी तुमच्यासाठीच उरणार नाही," मी म्हटलं. "मी पडेन, न पडेन. पण चालेन."

दुसऱ्या दिवशी हे कुठंतरी गेले आणि उन्हातून घामाघूम होऊन परतले. हातात खोकं. आत काळे बूट, तळ खडबडीत, बंद न बांधता चिकटवायचे. "हे घाल," एवढंच म्हणाले. साडीखाली बूट घालून मी गल्लीत उतरले. छत्री घेतली नाही. पोरंटोरं हसली. मीही त्यांना जीभ दाखवली.

तुम्हाला

पोटाचं असं दुखणं असेल, स्टेरॉइड घेतली असतील, तर हाडांचं कधी तपासायचं ते डॉक्टरांना विचारा. ते विसरले असतील तर तुम्ही आठवण करा. गोळ्या स्वतःच्या मनानं सुरू करू नका आणि चालू असलेल्या एका दिवसात बंदही करू नका. मी दोन्ही केलं आहे, दोन्हींची जाहीर कबुली द्यायला तयार आहे. एखादा पदार्थ बंद म्हणाले तर किती दिवस, ते विचारा. आणि घरच्यांनी काय ऐकलं यावर विसंबू नका. त्यांचं तुमच्यावर प्रेम असतं, आणि प्रेमाला कमी ऐकू येतं.

माझं माप अजून उणेच आहे. पुन्हा मोजलं तेव्हा आणखी खाली गेलेलं नव्हतं. गेलेली उंची परत आली नाही, येणारही नाही. हिंगाचा डबा मुग्धानं खालच्या फळीवर घेतला.

टी. नगर

परवा मी पडले.

आधीच सांगते, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन फोटो काढून आलो, काही मोडलेलं नाही. आता झालं ते ऐका.

साडी घ्यायला मुग्धा आणि मी टी. नगरच्या एका दुकानात गेलो होतो. दुसरा मजला, ही गर्दी. जमिनीवर कुणाच्या तरी साडीचं प्लास्टिकचं वेष्टन पडलं होतं. त्यावर पाय आला आणि मी बाजूला कलंडले, डाव्या कुशीवर. दुकानातल्या मुली किंचाळल्या. कुणी पाणी आणलं, कुणी माझ्या काखेत हात घालायला धावलं.

"कुणी हात लावू नका," मी म्हटलं. ओरडले नाही. शिक्षिकेचा आवाज लावला. सगळ्या थांबल्या.

मुग्धा माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसली होती. चेहरा पांढरा, दोन्ही हात माझ्या अंगापासून वीतभर अंतरावर, हवेत. ते हात तिनं कसे आवरले असतील, ते तिलाच ठाऊक.

मी पडल्या पडल्या तपासत गेले. घोटा हलला. गुडघा हलला. खुबा दुखत होता, पण पाय उचलला गेला. मनगट वळलं. पाठीला विचारलं, ती म्हणाली, ठीक आहे. काही घाई नव्हती. वर छतावर ट्यूबलाइटच्या रांगा होत्या, त्यातली एक फडफडत होती.

मग कुशीवरून गुडघ्यांवर आले. मुग्धानं न सांगता एक जड स्टूल पुढे सरकवलं. त्यावर दोन्ही तळवे टेकले, एक पाय रोवला, मग दुसरा. मांड्या थरथरल्या. थरथरू दिल्या. उभी राहिले.

दुकानातली मुलगी धावत खुर्ची घेऊन आली. "उक्कारुंग अम्मा, बसा, बसा! साड्या इथंच आणून दाखवते."

मी पदर सारखा केला आणि काउंटरला एक हात लावला.

"ती निळी काढ," मी म्हटलं. "मी उभ्यानं बघते."